बखरीतलं विब्रेनचं नाव

प्रिय टाम्मो,

आधी माझ्या अक्षराला काय हसायचं ते हसून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. ही अक्षरं तूच शिकवलीस. तू आठ वर्षांचा होतास, मी अकराची. पाद्र्याच्या घरून शिकून आलास की ओहोटीच्या चिखलात काठीनं अक्षरं काढायचास आणि मला दम द्यायचास, पाणी यायच्या आत वाच, नाहीतर उद्या नवी शिकवणार नाही. त्यामुळे वाचायची घाई तेवढी मला शिकता आली, लिहायचं वळण काही लागलं नाही. लॅटिन तर माझ्या बापजन्मी मला कळायचं नाही, म्हणून घरच्या भाषेत लिहितेय. कातड्याचे हे तुकडे सिस्टर बाउकेनं दिलेत. पानं कापून उरलेल्या कडा आहेत, मी एकाला एक शिवल्यात. वाचताना टाके मोजत बसू नकोस.

तोंडानं सांगता आलं असतं तर हा खटाटोप केला नसता. पण उपासाचे चाळीस दिवस तुमच्या पुरुषांच्या आणि आमच्या बायकांच्या मठामधली जाळीची खिडकी बंद असते. ईस्टरला उघडेल, तेव्हाही थोरल्या बाई जपमाळ घेऊन माझ्या कानाशी बसलेल्या असतील, आणि तोवर उशीरही झालेला असेल. तुझ्या बखरीची नक्कल ईस्टरच्या आत पुरी करायची असा हुकूम आहे. सण झाला की मठाधिपती ती पेटीत घालून फ्रान्सातल्या थोरल्या मठात नेणार. तुझ्याकडचं पान चाकूनं खरवडता येतं, पुन्हा लिहिता येतं. फ्रान्सात गेलेलं पान कोण परत आणणार? तुझ्या बखरीत एक गोष्ट खोटी आहे, टाम्मो. विब्रेनबद्दलची. ती तिकडे जाता कामा नये.

आता बातम्या सांगते, नाहीतर म्हणशील, बहीण लिहायला शिकली ती भांडण्यासाठीच. गाई विताहेत. एकवीस झाल्या, सहा राहिल्यात. तीन वासरं मेली, त्यांची कातडी पानं करायला तुमच्याकडे चुन्यात भिजायला पाठवलीत, चांगली आहेत, एकाला गोचिडीचं भोक नाही. हल्ली मी सगळ्यांना सांगते की बखर टाम्मोनं लिहिली असेल, पण अर्धी माझ्या गोठ्यानं दिलीय. चीज नुसतं फळ्यांवर चढत चाललंय. उपासात माणसं खात नाहीत आणि उंदरांना कोणी उपास सांगितलेला नाही. माझा गुडघा पूर्वीसारखाच. तुझा खोकला मला प्रार्थनेच्या वेळी भिंतीपलीकडून ऐकू येतो, बाकी कुणाचा आवाज ओळखू येत नाही पण तो येतो. पत्रासोबत हंसाच्या चरबीचं डबडं आहे. ते छातीला चोळायचं आहे, उपास मोडत नाही, मी विचारून घेतलंय.

बाउकेबद्दल तुला सांगायला हवं. पोर चोविशीची आहे, नाकाला कायम शाई लागलेली, आणि तुझी बखर तीच उतरवतेय. सकाळी तिची बोटं थंडीनं आखडतात म्हणून मी चुलीतला दगड फडक्यात गुंडाळून तिला नेऊन देते. बदल्यात ती मला एक पान वाचून दाखवते, लॅटिनचं आपल्या बोलीत करून. तू तीस वर्षं काय खरडत बसलास ते मला या महिनाभरात कळलं. शेपटीचा तारा कळला. दोन गावं एका उघाडीवरून कशी भांडली, पाणी कुणाच्या दारातून सोडायचं यावरून आठ वर्षं एकमेकांच्या चर्चात गेली नाहीत, ते कळलं. ते तर मी डोळ्यांनी पाहिलंय, पण तू लिहिलेलं ऐकून पहिल्यांदा हसू आलं. कोंबडीच्या अंड्याएवढी गार पडली असं लिहिलंयस, ते अंडं माझंच, तू जाळीतून मला विचारलं होतंस की हिल्के, केवढी होती, आणि मी अंडं आणून दाखवलं होतं. तुझ्या आधीचे बखरकार बाबा वारले त्याची तू दोन पानं लिहिलीस. आपली आई त्याच वर्षी गेली, तिची एक ओळ नाही. मी बाउकेला तसं म्हटलं. ती म्हणाली, हिल्केमावशी, बखर मठाची असते, घरच्यांची नसते. मी म्हटलं, बरं बाई.

मग गेल्या मंगळवारी तिनं पुराचं पान काढलं. त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी, मार्टिनच्या सणानंतर समुद्र आत आला, तो विब्रेन नावाच्या माणसाच्या बांधातून; त्यानं बांध राखला नाही, फावडंही रोवलं नाही, आणि पुढे संताच्या अस्थीवर हात ठेवून खोटी शपथ घेतली; एकतीस माणसं मेली. पोर सरळ वाचत गेली. तिला काय माहीत. इथं मी गाईंची हिल्के आहे, त्यापलीकडे कुणी विचारत नाही. मी तिला ते पुन्हा वाचायला सांगितलं, तशी तिनं वर बघितलं. म्हणाली, मावशी, ओळखीचा होता का हा? मी म्हटलं, चौदा वर्षं नवरा होता. तिनं लेखणी खाली ठेवली. मग म्हणाली, आज शाई फार दाट झालीय, हे पान मी मागाहून घेते. तेव्हापासून रोज तिची शाई दाट होतेय, पण थोरल्या बाईंना शाईतलं कळतं. ईस्टरच्या आधीच्या, पामच्या रविवारपलीकडे ती ढकलू शकणार नाही.

बखर घरच्यांची नसते तर माझा नवरा तिच्यात कसा गेला, हे मी तुला विचारणार होते. मग विचार केला की तो प्रश्न तुझा नाही. तू तुझं काम केलंस.

फ्रान्सातल्या लोकांना तुझं पान वाचून काय समजणार, हेही मला कळत नाही. त्यांना समुद्र चर्चातल्या चित्रात दिसत असेल. आपल्याकडे ज्याची जमीन त्याचा बांध, जेवढी जमीन तेवढे वाव लांब, आणि बांध राखणं हातून होईना तर आपलं फावडं आपल्या तुकड्यात उभं रोवायचं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून जायचं. जो कोणी ते उपटेल त्याची जमीन, त्याचं घर आणि त्याचाच बांध. उपटणाऱ्यानं येत्या रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या आवारात उभं राहून सांगायचं, मी उपटलं. तोवर रोवणारा घरात राहिला तरी चालतं. हे तू लिहायला हवं होतंस. त्याशिवाय फावडं रोवणं म्हणजे पळ काढणं असंच वाचणाऱ्याला वाटेल. आपल्याकडे ते पळणं नाही. फावडं रोवणारा सगळं सोडून देतो ते शेजारी बुडू नयेत म्हणून.

तो तुकडा आपल्या बापाचा. एप्पोचे बारा वाव म्हणत त्याला, वळणावरचे, जिथं पाणी सगळ्यात जोरात आपटतं. बाप म्हणायचा, टाम्मोचे हात लेखणीचे आहेत, त्याला पाद्री घेऊन जाऊ दे. तू गेलास, पाद्र्याकडून पॅरिसला, पॅरिसहून तीन वर्षांनी हा खोकला आणि दोन पुस्तकं घेऊन आलास आणि तडक मठात शिरलास. घराच्या दारापर्यंतही आला नाहीस, आई कोंबडी कापून वाट बघत होती. मी तुला दोष देत नाही. म्हणजे देत होते, पुष्कळ वर्षं, आता कंटाळा आला. पण त्यामुळे बाप गेल्यावर ते बारा वाव माझ्या गळ्यात आले आणि बांधासाठी म्हणून विब्रेन आपल्या घरात आला. घरजावई. आतल्या गावचा माणूस, दलदलीतली माती कापून वाळवून जळण विकणारा, समुद्र त्यानं लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला. फार बोलायचा नाही. बोलायला लागला की मात्र गोष्ट लांबवायचा, दोन वाम मासे पकडले तर सांगेस्तोवर सात व्हायचे. तुला तो आवडायचा नाही. तुझ्यासमोर तो मुद्दाम जास्तच लांबवायचा, तेही खरं.

त्या उन्हाळ्यात मातीची गाडी त्याच्यावर उलटली आणि त्याचा खुबा गेला. काठी घेऊन चालायचा. बांधाची समुद्राकडची बाजू दोन ठिकाणी खचली होती, उंदरांनी बिळं केली होती. मी आणि तो मिळून जेवढं भरता येईल तेवढं भरलं. शेजारी आपापल्या तुकड्यांवर होते, तपासणी जवळ आलेली, कुणाला कुणाची मदत करायला सवड नाही. बांधपंच हाय्यो आला, काठीनं खचलेली जागा टोचून बघितली आणि म्हणाला, विब्रेन, मार्टिनच्या सणापर्यंत भर, नाहीतर काय करायचं ते तुला माहीत आहे. सण झाला. विब्रेन जेवता जेवता म्हणाला, हिल्के, मी उद्या फावडं रोवतो. मी म्हटलं, माझ्या बापाच्या बांधात? तुझ्या बापाचं काय जातंय, तू आलास तेव्हा तुझ्याकडे एक घोंगडं होतं. तो म्हणाला, समुद्र बाप विचारणार नाही. मी ताट उचलून नेलं. त्याचं जेवण व्हायचं होतं.

सोमवारी दुपारी तो लंगडत गेला आणि फावडं रोवून आला. मला माहीत आहे, कारण परत आला तेव्हा त्याच्याकडे फावडं नव्हतं आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. मंगळवारी दुपारी तो पुन्हा बघायला गेला आणि येताना शीळ वाजवत आला. म्हणाला, उपटलं ग कोणीतरी. सुटलो आपण. रविवारी कळेल कोण ते. बूटही न काढता आडवा झाला आणि असा झोपला की उन्हाळ्यापासून तसा झोपलेला मी पाहिला नव्हता. बुधवारी वारा फिरला. गुरुवारी वायव्येकडून जोरात सुरू झाला. मी त्याला म्हटलं, बांधाकडे एक चक्कर मारून ये. तो म्हणाला, आता तो दुसऱ्याचा बांध आहे, हिल्के, मी हात लावला तर म्हणतील हा अजून हक्क सांगतोय. रीत तशीच आहे, दिलेल्या बांधाला पुन्हा शिवायचं नाही. तो उपरा होता, म्हणून आपल्यापेक्षाही जास्त रीत पाळायचा. शुक्रवारी सकाळी मी धार काढत बसले होते आणि गोठ्याच्या दारातून पाणी आलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं सपाट, फेसाची रेघ पुढे घेऊन. मी गाईचे दोर कापले. त्यापुढचं तू लिहिलंयस आणि ते बरोबर आहे. एकतीस. शेजारची फोकेल आणि तिची जुळी पोरं त्यात धरलीस का ते बाउकेला विचारलं, ती म्हणाली नावं नाहीत, आकडा आहे.

पंचायत चर्चच्या आवारात बसली तेव्हा तू नव्हतास, तुम्हाला तेव्हा मठाच्या धान्याची काळजी होती. विब्रेन पुढे गेला, अस्थीवर हात ठेवला आणि म्हणाला, मी सोमवारी फावडं रोवलं, मंगळवारी ते तिथं नव्हतं. हाय्यो म्हणाला, मग उपटलं कोणी? विब्रेन म्हणाला, मला माहीत नाही. हाय्यो म्हणाला, माशांनी उपटलं असेल. लोक हसले. नुकती प्रेतं पुरलेली माणसं, तरी हसली, कदाचित म्हणूनच हसली. हाय्यो म्हणाला, ज्यानं उपटलं त्यानं आत्ता पुढे यावं, मी तीनदा विचारतो. त्यानं तीनदा विचारलं. बायका भिंतीशी उभ्या होत्या, मी त्यांच्यात. कोणी पुढे आलं नाही. मग जुन्या रिवाजाप्रमाणे आपल्या बापाच्या घराचे वासे काढले आणि त्या भगदाडात घातले, वर माती टाकली. आपल्या जन्माच्या खोलीचा दरवाजासुद्धा त्या बांधात आहे.

पुढे चार वर्षं आम्ही बांधाबाहेरच्या टेकाडावर खोपटात काढली. तो लोकांचे हंस राखायचा. त्याचं नाव माशांचा विब्रेन पडलं. पोरं त्याला बघून गाल आत ओढून ओठ हलवायची. तो त्यांच्याकडे बघून तसंच करायचा, मग पोरांना मजा येईनाशी झाली. वाम माशांच्या गोष्टी त्यानं सोडून दिल्या. काही सांगायला लागला की मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, असू दे, नाहीतरी. शेवटच्या हिवाळ्यात त्याला उठता येईना, मी त्याला पेज भरवत होते, तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, ज्यानं उपटलं ना, त्याला बोलायला काहीतरी अडचण असेल. मी म्हटलं, गप खा. त्या चार वर्षांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही की तुला काही माहीत आहे का. गावातल्या प्रत्येकाला विचारलं. मला नाही.

तो गेल्यावर वसंतात मी इथं गाईंच्या कामाला आले, ते तुझ्या शब्दामुळे, ते मी विसरलेले नाही. दुसऱ्याच वर्षी गाईंत रोग आला. तू जाळीशी येऊन विचारलंस, किती मेल्या, आधी काय दिसलं, तोंडातून लाळ की डोळ्यांतून पाणी. मी सगळं सांगितलं. शेहेचाळीस. ते जसंच्या तसं तुझ्या बखरीत आहे, आणि शेवटी लिहिलंयस, हे मला अशा व्यक्तीकडून समजलं जिच्या शब्दावर मी शंका घेत नाही. बाउकेनं ते वाचलं तेव्हा मला कसं वाटलं ते सांगत नाही. आपल्या घरात माझ्याबद्दल असं कोणी म्हणालं नव्हतं. मला वाटलं, बघा, लॅटिनमध्ये आहे मी.

पण त्याच दिवशी जाता जाता तू आणखी एक विचारलं होतंस. तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. तू उठला होतास, पुन्हा बसलास आणि म्हणालास, हिल्के, पुराचं पान लिहायचं राहिलंय. विब्रेननं खरंच रोवलं होतं का? थोरल्या बाईंची जपमाळ थांबली. मी म्हटलं, मी काही पाहिलं नाही. तो तसं म्हणायचा, पण तो बरंच काही म्हणायचा. तू मान हलवलीस आणि गेलास. मंगळवारी बाउकेनं वाचलेल्या ओळीपुढे आणखी एक ओळ आहे, ती मी वर लिहिली नाही, ती अशी. त्याच्या घरच्या माणसालाही त्याचं बोलणं खरं वाटलं नव्हतं. ती ओळ तू लिहिलीस कारण माझ्या शब्दावर तू शंका घेत नाहीस.

तो झोपलेला असताना मंगळवारी सकाळी मी बांधावर गेले होते. धुकं होतं, हातभर पुढचं दिसत नव्हतं. फावडं उभं होतं. त्यानं ते असं नीट रोवलं होतं की मला दोन्ही हातांनी हलवत हलवत काढावं लागलं. माझ्या बापाचा बांध कोणी परका माणूस चालत येऊन उचलून नेणार, हे मला सहन होईना, एवढंच होतं. रीत मला माहीत होती. उपटलं तो बांध माझा. मी ठरवलं होतं की थंडी पडून चिखल गोठला की घसरगाडीवर स्वतः माती ओढीन, आणि रविवारी चर्चच्या आवारात बाई असले तरी उभी राहून सांगेन, हसले तर हसले. फावडं जळणाच्या ढिगाखाली लपवलं. विब्रेन शीळ वाजवत घरी आला तेव्हा सांगणार होते, पण तो झोपला, आणि मला वाटलं, झोपू दे दोन दिवस. शिवाय ताटावरून झालेलं भांडण डोक्यात होतं, त्याला जरा खेळवावं असंही वाटलं, खोटं कशाला सांगू. गुरुवारी वारा वाढला तेव्हा मी एकटी टोपली घेऊन गेले, चार खेपा माती टाकली. चार टोपल्या. शुक्रवारनंतर सांगायचं ते मुळात काय राहिलं होतं? एकतीस माणसं माझ्या नावावर झाली असती. म्हणून हाय्यो तीनदा विचारत असताना मी माझ्या बुटांकडे बघत उभी राहिले, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा विब्रेननं मान वळवून बायकांच्या भिंतीकडे बघितलं, आणि लगेच पुन्हा पुढे बघितलं.

पाच वर्षांपूर्वी एक फिरता पाद्री आला होता, त्याच्याजवळ मी हे कबूल केलंय. त्यानं सात शुक्रवार पाणी आणि पावावर काढायला सांगितले आणि म्हणाला, देवानं माफ केलं, आता कुणाला सांगून उगाच शांतता मोडू नकोस. मला बरं वाटलं, ते थेट गेल्या मंगळवारपर्यंत. देव काही बाउकेची नक्कल वाचायला बसणार नाही. ती माणसं वाचणार, आपण सगळे मेल्यावर, ज्यांना विचारायला कोणी उरणार नाही अशी.

तेव्हा, टाम्मो, हे पत्र तुझ्याकडे भांडायला किंवा दया मागायला आलेलं नाही, तुझी साक्षीदार आपली साक्ष बदलायला आलीय. तू नेहमी म्हणायचास की डोळ्यांनी पाहिलेल्याचा शब्द मिळाला की ऐकीव खरवडून टाकायचं. मी पाहिलंय, माझ्या हातांनी केलंय. पामच्या रविवारच्या आत चाकू घे आणि त्या पानावरच्या या दोन्ही ओळी काढ, शपथेचीही आणि घरच्या माणसाचीही. त्या जागी लिही की विब्रेननं रीतीप्रमाणे फावडं रोवलं होतं आणि शपथ खरी घेतली होती. ते उपटलं एप्पोच्या मुलीनं, हिल्केनं, आणि ती गप्प राहिली. एकतीसच्या आकड्याला हात लावू नकोस. हे पत्र मठाधिपतींना दाखवायचं असेल तर दाखव, सभेत वाचायचं असेल तर वाच, मी येऊन उभी राहीन. इथून काढलं तर हंस राखता येतात मला, शिकून घेतलंय. सहा गाई तेवढ्या वियायच्या आहेत, तेवढं होईस्तोवर थांबा म्हणावं, बाकी कुणाला त्यांच्यात हात घालता येत नाही. आणि त्या ओळीत हिल्केपुढे बखर लिहिणाऱ्याची बहीण असं लिहायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मला दोन्ही चालेल.

तुझीच थोरली,
हिल्के